साथीचा अहवाल आणि कोरा रकाना

१

साहित्याची समीक्षा करणाऱ्याने साथरोगाच्या अहवालाला हात घालावा याचे काहींना नवल वाटेल. मला वाटत नाही. कथा, कविता, आत्मकथन यांची समीक्षा करताना आपण एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत आलो आहोत : यात माणूस कुठे आहे, आणि तो कोणता माणूस आहे? जो प्रश्न कथेला विचारता येतो तो तक्त्यालाही विचारता आला पाहिजे. अहवाल हीदेखील एक रचना आहे. तिला निवेदक असतो, तिच्यात निवड असते, काय सांगायचे आणि काय गाळायचे हे कुणीतरी ठरवलेले असते. फरक इतकाच की कथा कच्ची निघाली तर वाचक ती बाजूला ठेवतो. अहवाल अपुरा निघाला तर त्याच्याच आधारे पाणी, औषध, फवारणी आणि पैसा यांचे वाटप होते.

या लेखात मी डेंग्यूच्या साथीत विषाणूचा प्रकार शोधणाऱ्या अहवालांचा विचार करणार आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे. या अहवालांत विषाणूची ओळख अतिशय बारकाईने नोंदली जाते, आणि ते काम मोलाचे आहे. ज्याच्या रक्तात तो विषाणू सापडतो त्या माणसाची ओळख मात्र वय आणि लिंग एवढ्यावर आटोपते. हा निव्वळ सामाजिक अन्याय आहे असे म्हणून थांबता येणार नाही. हा शास्त्रातलाच दोष आहे. ज्यांचे रक्त प्रयोगशाळेपर्यंत पोहोचत नाही त्यांचा विषाणूही मोजला जात नाही. आणि जे मोजले गेले नाही त्याच्या जोरावर केलेले भाकीत अर्ध्या गावापुरतेच खरे असते.

२

आधी विषय समजून घेऊ. कार्यकर्त्यांनी तो समजून घेतलाच पाहिजे, कारण ‘हे डॉक्टरांचे काम’ म्हणून सोडून दिलेले ज्ञान उद्या आपल्याच वस्तीवर आदेश होऊन येते.

डेंग्यूचा विषाणू एक नाही, चार आहेत. त्यांना डेंग्यू-१, २, ३ आणि ४ म्हणतात; या प्रकारांना शास्त्रात सेरोटाईप असे नाव आहे. चौघे एकमेकांचे जवळचे नातलग, पण शरीर त्यांना वेगवेगळे ओळखते. एका प्रकाराचा ताप येऊन गेला की त्या प्रकारापासूनचे संरक्षण जवळजवळ जन्मभर टिकते. बाकीच्या तिघांपासूनचे संरक्षण काही महिन्यांत ओसरते. घोटाळा इथे आहे. पहिल्या तापाने रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. आणि अशा चिकटलेल्या विषाणूला रक्तातील काही पेशींत शिरणे उलट सोपे जाते. अमेरिकन डॉक्टर स्कॉट हॉलस्टेड यांनी थायलंडमधील मुलांच्या अभ्यासावरून १९६० आणि १९७० च्या दशकांत ही मांडणी केली. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेला प्रत्येक माणूस दगावतो असा याचा अर्थ नव्हे; बहुतेक जण बरे होतात. पण रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरणे, रक्तस्राव होणे, नाडी बुडणे ही गंभीर रूपे दुसऱ्या तापात अधिक दिसतात. म्हणून साथीत दोन गोष्टी कळणे आवश्यक असते : या वस्तीत पूर्वी कोणता प्रकार येऊन गेला, आणि आज कोणता आला आहे. प्रकार बदलला की धोक्याची घंटा वाजली असे समजावे.

हे ज्ञान कुणाच्या रक्तातून आले तेही पाहावे. १९४३ साली नागासाकीच्या साथीत जपानी शास्त्रज्ञांनी विषाणू वेगळा केला. त्यानंतर लगेच अमेरिकेच्या अल्बर्ट साबिन यांनी सैनिकांच्या रक्तातून तो मिळवला आणि पहिले दोन प्रकार वेगळे आहेत हे दाखवले. त्या नमुन्यांना हवाई, न्यू गिनी अशी रणभूमीवरील ठिकाणांची नावे मिळाली. युद्ध चालू होते, सैनिक तापाने आडवे होत होते, म्हणून विषाणूचा शोध तातडीचा झाला. तिसरा आणि चौथा प्रकार १९५६ साली मनिलातील रक्तस्रावी तापाच्या साथीतून विल्यम हॅमन यांच्या हाती लागले. तिथे आजारी पडत होती ती मुले. या इतिहासाचा अर्थ साधा आहे. ज्याच्या आजाराने कुणा बलवानाचे काम अडते त्याचे रक्त आधी तपासले जाते. ज्याच्या आजाराने फक्त त्याच्या घरातली चूल अडते त्याला थांबावे लागते.

३

प्रकारांचा माग नीट ठेवला तर काय साधते याचे उत्तम उदाहरण क्यूबाचे आहे.

१९७७ मध्ये क्यूबात डेंग्यू-१ ची मोठी साथ आली. ताप बहुतांशी सौम्य होता. नंतरच्या रक्ततपासणीत सुमारे ४४ टक्के लोकसंख्येला लागण होऊन गेल्याचे दिसले. चार वर्षांनी, १९८१ मध्ये, डेंग्यू-२ आला. काही महिन्यांत ३,४४,२०३ रुग्ण नोंदले गेले, १५८ माणसे मेली आणि त्यांत १०१ मुले होती. यातली एक बारकाई विचार करायला लावणारी आहे. एक ते दोन वर्षांच्या मुलांमध्ये गंभीर आजार जवळजवळ नव्हता. कारण उघड होते : १९७७ ची साथ ओसरल्यावर ती जन्मली होती, पहिला विषाणू त्यांच्या रक्ताला ठाऊकच नव्हता. पुढे १९९७ मध्ये सांतियागो दे क्यूबा या शहरात डेंग्यू-२ पुन्हा आला. खात्री झालेले रुग्ण ३,०१२, गंभीर २०५, मृत्यू १२. मेलेले सर्व प्रौढ. वीस वर्षांपूर्वीच्या सौम्य तापाची शिक्षा शरीराने वीस वर्षांनी भोगली.

मारिया ग्वादालुपे गुस्मान, गुस्ताव्हो कौरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे सांगता आले ते केवळ यंत्रे चांगली होती म्हणून नव्हे. कोण, कुठे, कोणत्या वर्षी, कोणत्या प्रकाराने आजारी पडला याची नोंद त्यांच्याकडे होती म्हणून सांगता आले. आणखी एक रकाना त्यांनी भरला होता : वंश. गरीब, काळा माणूस अधिक मरत असेल असा आपला अंदाज असतो. त्यांच्या तक्त्याने उलट दाखवले. गंभीर आजाराचे प्रमाण गोऱ्यांमध्ये अधिक होते. हा निष्कर्ष इथे मुद्दाम सांगतो, कारण तो आपल्या सोयीचा नाही. रकाना आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी भरायचा नसतो, खरे काय ते कळण्यासाठी भरायचा असतो. क्यूबाने रकाना कोरा ठेवला असता तर तिथेही अंदाजच शिल्लक राहिला असता.

४

आता आपल्याकडे येऊ. १९९६ मध्ये दिल्लीत डेंग्यू-२ ची साथ आली. १०,२५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू नोंदले गेले. २००३ मध्ये त्याच शहरात चारही प्रकार एका मोसमात फिरताना आढळले. एकेका प्रकाराची पाळी येण्याचे दिवस संपले होते. आता चौघे एकाच वेळी मैदानात होते. अशा शहरात पहिला ताप आणि दुसरा ताप यांत फार अंतर राहत नाही.

पुण्यात १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झाले. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. सरकारी रुग्णालयांत डेंग्यूची जी आयजीएम तपासणी होते तिचे संच इथेच तयार होतात. या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले की पुण्यात डेंग्यू-४ सुमारे तीस वर्षांच्या अनुपस्थितीनंतर पुन्हा आढळला आहे आणि दोन गंभीर रुग्णांशी त्याचा संबंध आहे. शोध महत्त्वाचा होता. पण समीक्षक म्हणून मी ‘अनुपस्थिती’ या शब्दापाशी थांबतो. तीस वर्षे विषाणू नव्हता, की तपासलेल्या नमुन्यांत तो नव्हता? ही दोन वाक्ये एक नव्हेत. शास्त्रज्ञाला हा फरक ठाऊक असतो. बातमीदार, नगरसेवक आणि अधिकारी यांच्या हाती अहवाल जाईपर्यंत तो पुसला जातो. ‘आढळले नाही’ याचे ‘नाही’ होते. आपल्या वाचकांना ही क्रिया नवी नाही. जुन्या मराठी साहित्येतिहासांत आपण असेच ‘नव्हतो’.

सरकारी आकडे घ्या. देशासाठी जो तक्ता प्रसिद्ध होतो त्यात राज्यवार रुग्ण आणि मृत्यू असतात. २०२३ चा आकडा २,८९,२३५ रुग्ण आणि ४८५ मृत्यू असा आहे. या तक्त्यात विषाणूचा प्रकार नाही, वस्ती नाही, व्यवसाय नाही, पाणीपुरवठा नाही. शिवाय त्यातला रुग्णांचा आकडाही किती खरा? डोनाल्ड शेपर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये, मदुराई जिल्ह्यातील पाहणीचा आधार घेऊन, २००६ ते २०१२ या काळासाठी अंदाज केला. भारतात दरवर्षी सरासरी ५७ लाखांहून अधिक लोकांना डॉक्टरांनी निदान केलेला डेंग्यू होत असावा, म्हणजे नोंदलेल्या आकड्याच्या २८२ पट, असे त्यांनी मांडले. २०१७-१८ मध्ये पंधरा राज्यांत झालेल्या रक्तपाहणीत ४८.७ टक्के लोकांना पूर्वी कधीतरी लागण होऊन गेल्याचे दिसले. शहरांत हे प्रमाण सुमारे ७१ टक्के, खेड्यांत ४२ टक्के. म्हणजे देशातली निम्मी माणसे पहिला डेंग्यू अंगावर घेऊन बसली आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्यांना त्याची खबर नाही. दुसऱ्या तापाची वाट पाहणारी ही माणसे कोणत्याही तक्त्यात नाहीत.

५

रक्त प्रयोगशाळेपर्यंत जाते कसे, हा या सगळ्यातला कळीचा प्रश्न आहे.

विषाणूचा प्रकार ओळखण्यासाठी आज मुख्यतः पीसीआर ही पद्धत वापरतात. रक्तात विषाणूचे जनुकीय द्रव्य असेल तरच ती उपयोगी पडते, आणि ते साधारणपणे तापाच्या पहिल्या पाच दिवसांतच मिळते. नमुना थंड ठेवावा लागतो, लवकर पोचवावा लागतो. पाच दिवसांनंतर विषाणू रक्तातून ओसरतो. मग सापडतात ती प्रतिपिंडे. त्यांवरून ‘डेंग्यू झाला’ एवढे सांगता येते, ‘कोणता’ हे नित्याच्या तपासणीत सांगता येत नाही. शिवाय खासगी दवाखान्यात झटपट पट्टीवर केलेली तपासणी सरकार निश्चित मानत नाही. ती ‘संभाव्य’ ठरते.

हे पाच दिवस कुणाचे आहेत? पगारी रजा असलेल्याचे आहेत. ज्याच्या मुलाला पहिल्या दिवशी ताप आला की दुसऱ्या दिवशी गाडीतून तपासणीला नेले जाते त्याचे आहेत. रोजंदारीवरचा माणूस पहिले दोन दिवस गोळी घेऊन काम करतो, तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या डॉक्टरकडून सुई टोचून घेतो, आणि अंगातले त्राण गेल्यावर सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो. तोवर विषाणू निघून गेलेला असतो.

डेंग्यूची चाल अशी की सर्वांत धोक्याची वेळ ताप चढलेला असताना नसते. ताप उतरू लागतो, साधारण चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास, तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो. पोटात दुखणे, सतत उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे त्या एकदोन दिवसांत पाहायची असतात आणि द्रव वेळेवर, मोजून द्यायचा असतो. प्लेटलेटच्या आकड्यामागे सगळे घर धावते. प्राण जातो तो बहुधा द्रव कमी पडल्याने. आणि ताप उतरला म्हणजे कामावर जायचे, हा कष्टकऱ्याचा नियम आहे.

आमच्या भागातल्या एक सफाई कामगार बाई कंत्राटावर झाडूकाम करतात. ताप उतरला त्या सकाळी त्या कामावर गेल्या आणि दुपारी रस्त्यातच बसल्या. दवाखान्यात दाखल केल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा म्हणालो, “मावशी, आणखी दोन दिवस थांबायचं होतं.” त्या म्हणाल्या, “सर, चार खाडे झाले होते. पाचवा झाला असता तर मुकादमानं दुसरी बाई लावली असती.” मग त्यांनी उशीखालून अहवालाचा कागद काढला. “ह्यात नुसतं डेंग्यू लिवलंय. पोराला दोन वर्सामागं झाला व्हता, त्योच का ह्यो, का दुसरा?”

सेरोटाईपच्या शास्त्राचा सगळा गाभा या एका प्रश्नात आहे. तो एका सहावी शिकलेल्या बाईने विचारला. त्याचे उत्तर त्या कागदात नव्हते आणि मिळणारही नव्हते, कारण रक्त घेतले तो तापाचा सातवा दिवस होता. त्या वाचल्या. पण त्या मोसमात आमच्या वस्तीत कोणता विषाणू फिरत होता हे त्यांच्या रक्तातून कुणाला कळले नाही. अशा शंभर बाया गृहीत धरा, म्हणजे शहराचा अहवाल कोणत्या रक्ताने लिहिला जातो हे लक्षात येईल.

इथे एक आक्षेप येईल. प्रकार ओळखायला प्रत्येकाचे रक्त लागत नाही, थोडे नमुने पुरतात. बरोबर आहे. पण ते थोडे कुठले, हा प्रश्न उरतोच. मोठ्या रुग्णालयाजवळच्या चार वसाहतींतले नमुने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या झोपडपट्टीबद्दल किती सांगतात? एडिस डास स्वतः फार दूर उडत नाही. विषाणू माणसांबरोबर फिरतो हे खरे; तरी एका भागात एक प्रकार आणि दुसऱ्या भागात दुसरा अधिक असणे सहज शक्य आहे. नमुना निवडणे ही संपादकाच्या निवडीसारखीच निवड आहे, आणि तिची जबाबदारी कुणीतरी घेतली पाहिजे.

६

‘विषाणूला जात नसते.’ हे वाक्य साथीच्या दिवसांत व्यासपीठावरून फार ऐकू येते. वाक्य खरे आहे. डेंग्यूचा डास बंगल्यातल्या कुंडीखालच्या ताटलीतही वाढतो. २०१२ मध्ये यश चोप्रांसारखा नामवंत दिग्दर्शक मुंबईत डेंग्यूनेच गेला. पण हे वाक्य नेमके कधी उच्चारले जाते ते पाहावे. जातीचा प्रश्न कुणी विचारू लागला की तो मिटवण्यासाठी ते उच्चारले जाते. विषाणूला जात नसते. पाण्याच्या नळाला असते, गटाराला असते, झाडूला असते, मुकादमाच्या हजेरीपटाला असते.

एडिस डास साचलेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पाणी साचते कुठे? जिथे ते साठवावे लागते तिथे. नळाला चोवीस तास पाणी असेल तर घरात पिंप कशाला लागेल? तिसऱ्या-चौथ्या दिवशी तासभर पाणी येणाऱ्या वस्तीत पिंप, हंडे, कळशा, टाक्या भरून ठेवणे हा निष्काळजीपणा नव्हे, तो संसार आहे. नगरपालिकेची गाडी मात्र भोंग्यावरून सांगते : आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. या घोषणेची समीक्षा कुणी केली आहे काय? ज्यांचे तीन दिवस नगरपालिकाच कोरडे पाळते त्यांना ती आणखी एक दिवस मागते. मग घरात अळ्या सापडल्या म्हणून नोटीस येते, दंड होतो. १९२७ मध्ये महाडला आपल्या माणसांनी पाण्याला हात लावण्याचा हक्क मागितला. तो कायद्याने मिळाला. पाणी रोज दारी येण्याचा हक्क अजून मागावाच लागतो, आणि न मिळालेल्या पाण्याचा दंड मात्र आपण भरतो.

शब्दांकडेही पाहावे. ज्याच्या शरीरावर परजीवी जगतो त्याला मराठी जीवशास्त्रात ‘पोशिंदा’ म्हणतात. शब्द सुरेख आहे. गावाला पोसणाऱ्यालाही आपण पोशिंदाच म्हणतो आणि त्याचे ताट रिकामे ठेवतो. अहवालातही तेच होते. पोशिंद्यात शिरलेल्याची कुळी जनुकाच्या अक्षरापर्यंत उकलली जाते. प्रकार, त्याखालचा जीनोटाईप, तो कोणत्या देशातल्या विषाणूच्या जवळचा, सगळे येते. पोशिंदा : पुरुष, वय ३४. संपले.

म्हणून मी अहवालात जातीचा रकाना मागतो. यावर दोन बाजूंनी विरोध होईल हे मी जाणतो. एक म्हणेल, जात रक्तात शोधायची काय? मुळीच नाही. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’च्या मांडणीत १९३६ मध्येच निर्विवादपणे दाखवून दिले. जात रक्तात नाही. पण रक्त तपासणीला किती दिवसांनी पोचते यात ती आहे, पाणी किती दिवसांनी येते यात ती आहे, दिवसा चावणाऱ्या डासाच्या तोंडी कोण उघड्या हातापायांनी उभा असतो यात ती आहे. तिथे ती शोधायची. दुसरा विरोध आपल्यातूनच येईल आणि तो अधिक गंभीर आहे. ‘अमुक वस्ती डेंग्यूची’ असा शिक्का बसेल, आधीच कमी मिळणारे काम आणखी कमी मिळेल. ही भीती खोटी नाही. १८९७ च्या प्लेगच्या काळात तपासणीच्या नावाखाली घरे कशी उलथीपालथी झाली हे पुण्याने पाहिले आहे. म्हणून रकान्याबरोबर अटीही हव्यात : नाव-पत्ता बाहेर फुटू नये, आणि वस्तीचा आकडा त्या वस्तीच्या पाणीपुरवठ्याच्या आकड्याशेजारीच छापला जावा. म्हणजे बोट वस्तीकडे न जाता पाणीखात्याकडे जाईल.

७

पूर्वेतिहास न विचारता मोठे निर्णय घेतले की काय होते, हे फिलिपिन्सने पाहिले. एप्रिल २०१६ मध्ये तिथे सरकारी शाळांतील मुलांना डेंगव्हॅक्सिया ही लस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. आठ लाखांहून अधिक मुलांना ती टोचली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सनोफी या उत्पादक कंपनीने जाहीर केले की ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही त्यांना लस घेतल्यानंतर लागण झाल्यास आजार अधिक गंभीर होऊ शकतो. म्हणजे लसच त्यांच्या बाबतीत पहिल्या तापासारखी वागत होती. कार्यक्रम थांबला, २०१९ मध्ये परवाना रद्द झाला. पण नुकसान एवढ्यावर राहिले नाही. लोकांचा सर्वच लसींवरचा विश्वास डळमळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये टोचण्यापूर्वी रक्त तपासण्याचा मार्ग सांगितला. तो प्रश्न आधी विचारायला हवा होता : या मुलाच्या रक्ताला काय ठाऊक आहे?

आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये देशी डेंग्यू लसीच्या तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. दहा हजारांहून अधिक माणसे तिच्यासाठी घ्यायची असे ठरले. मी तिचा विरोधक नाही. चारही प्रकारांपासून सारखे संरक्षण देणारी लस आली तर तिचा सर्वांत अधिक लाभ आपल्याच वस्त्यांना होईल. पण चारांपैकी प्रत्येक प्रकाराविरुद्ध तिचा उपयोग किती, हा प्रश्न ज्या वर्षी जिथे जो प्रकार फिरत असेल त्याच्या नोंदीशिवाय सुटत नाही. नोंद अपुरी असेल तर लसीचा निष्कर्षही अपुरा राहील.

८

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्या चळवळीत एक सोपे उत्तर रूढ झाले आहे : आजाराचे कारण दारिद्र्य, बाकी सगळा शास्त्रीय तपशील हे उच्चभ्रूंचे चोचले. मला हे मान्य नाही. दारिद्र्य हे कारण खरे, पण ते चाळीस आजारांचे कारण आहे. या वर्षी आपल्या मुलांपैकी कुणावर लक्ष ठेवायचे हे ते सांगत नाही. प्रकार बदलला आहे ही बातमी वेळेवर मिळाली तर दोन वर्षांपूर्वी ज्या गल्लीत ताप येऊन गेला त्या गल्लीत कार्यकर्ता आधी जाईल. बाहेर राहून ज्ञानाला नकार दिल्याने ज्ञानाचे काही बिघडत नाही.

आणि साहित्याचे काय? मराठीत १८९७ चा प्लेग म्हटला की रँड आठवतो आणि चापेकर आठवतात. त्याच साथीत मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात पोचवणाऱ्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या, हे कितीतरी काळ पाठ्यपुस्तकाबाहेर राहिले. साथीचा इतिहास लिहिताना कोणते रक्त निवडले गेले याचे हे दुसरे उदाहरण. आज आपल्या आत्मकथनांत भूक येते, गावकुसाबाहेरचे घर येते, शाळेतला अपमान येतो; तापाच्या सातव्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या माणसाची तारीखवार कहाणी क्वचित येते. ती यावी. अश्रूंसह येवो, पण तारखांसहही येवो : ताप कधी आला, दवाखाना कधी गाठला, रक्त कधी घेतले, नळ किती दिवसांनी आला. असे लेखन हा पुरावाही होईल.

विद्यार्थी, शिक्षक आणि कार्यकर्ते यांनी प्रत्येक पावसाळ्यात आपापल्या नगरपालिकेकडे आणि जिल्हा आरोग्य कार्यालयाकडे चार गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, साथीच्या काळात जिल्ह्यात कोणता प्रकार आढळला हे मराठीत आणि साथ चालू असतानाच जाहीर व्हावे. साथ संपल्यावर शोधनिबंधात नव्हे. दुसरी, तापाच्या पहिल्या पाच दिवसांत वस्तीतच रक्त घेण्याची सोय असावी, आणि तापात बुडालेली मजुरी कंत्राटी कामगाराला मिळावी, कारण मजुरीशिवाय ते पाच दिवस मिळत नाहीत. तिसरी, प्रत्येक नमुन्याबरोबर तापाचा कितवा दिवस, व्यवसाय, जात, पाणी किती दिवसांनी येते आणि पूर्वी डेंग्यू झाला होता काय, याची गुप्तता राखून नोंद व्हावी. चौथी, ज्या वस्तीला रोज पाणी दिले जात नाही त्या वस्तीत पाणी साठवल्याबद्दल दंड होऊ नये.

उत्तर मिळेल की अशी पद्धत नाही, असा नमुना-फॉर्म नाही. मग तोवर वही आपली. ताप आलेल्या प्रत्येक घराची नोंद एका वहीत करायला सरकारी फॉर्म लागत नाही. पुढच्या पावसाळ्यात कुणी मावशी विचारील की तोच का हा, का दुसरा, तेव्हा निदान मागच्या वर्षी तिच्या गल्लीत कुणाकुणाला ताप आला होता एवढे तरी आपल्याला सांगता आले पाहिजे.